स्टीव्ही वंडर खरंच सगळं एकट्याने करत होता का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही गाणी लिहिता, चाली लावता, गाता आणि घरच्या खोलीत लॅपटॉप, कीबोर्ड आणि एका माइकवर सगळी वाद्यं स्वतःच वाजवून रेकॉर्ड करता. सत्तरच्या दशकात अमेरिकन गायक स्टीव्ही वंडरने हेच केलं, असं तुम्ही जागोजागी वाचलंय. तर मग तो गायकापासून प्रोड्युसर कसा झाला, सगळं खरंच एकटा करत होता का, आणि १९७६नंतर त्याचे अल्बम इतके विरळ का होत गेले?

वाद्यं त्याने बरीचशी एकट्याने वाजवली, हे खरं आहे. रेकॉर्ड मात्र त्याने एकट्याने केल्या नाहीत. मी बरीच वर्षं काचेच्या अलीकडे, मिक्सरसमोर बसून लोकांची गाणी रेकॉर्ड करतोय. त्यामुळे त्याच्या गाण्यांइतकंच ती होत असताना खोलीत कोण कोण होतं, याचं मला कुतूहल आहे. उत्तरही त्याच अंगाने देतो.

आधी एक खुलासा. आपल्याकडे निर्माता म्हटलं की पैसे घालणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतला रेकॉर्ड प्रोड्युसर म्हणजे गाणं निवडणारा, वादक ठरवणारा, कुठला टेक, म्हणजे गाऊन-वाजवून झालेल्यांतलं कुठलं रेकॉर्डिंग, ठेवायचं ते सांगणारा आणि शेवटी ‘मिक्स झालं’ म्हणणारा माणूस. आपले संगीतकार, संयोजक आणि रेकॉर्डिस्ट जे करतात, त्यातला थोडा थोडा भाग त्याच्या वाट्याला येतो. साठच्या दशकात हे अधिकार गायकाला मिळणं दुर्मीळ होतं, आणि स्टीव्हीच्या मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीत तर जवळजवळ अशक्य.

स्टीव्हीचा जन्म १३ मे १९५०चा, मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉचा. मूल अपुऱ्या दिवसांचं होतं आणि त्यातून उद्भवलेल्या विकाराने त्याची दृष्टी गेली. तो चार वर्षांचा असताना कुटुंब डेट्रॉइटला आलं. १९६१ साली मिरॅकल्स या गटातल्या रॉनी व्हाइटने त्याला मोटाउन कंपनीत नेलं, कंपनीचा मालक बेरी गॉर्डीने करार केला, आणि १९६३मध्ये, तेराव्या वर्षी, त्याच्या ‘फिंगरटिप्स’चा दुसरा भाग अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. शिकागोच्या रीगल थिएटरमधल्या कार्यक्रमाचं ते रेकॉर्डिंग आहे. गाणं संपलं असं वाटत असताना पोरगा परत येऊन माउथ ऑर्गन सुरू करतो. तोवर पुढच्या गटाचे वादक जागा घेऊ लागलेले असतात, आणि त्यातला एक जण ‘पट्टी कुठली, पट्टी कुठली’ असं ओरडून विचारतो. ते ओरडणं रेकॉर्डवर जसंच्या तसं आहे. एखाद्या शिस्तीच्या माणसाने तो गोंधळ कापून टाकला असता. कुणीतरी तो ठेवायचं ठरवलं, आणि गाणं त्यामुळेच जिवंत राहिलं.

मोटाउनची पद्धत तुम्हाला माहीत असायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्याशी झगडून उभं राहिलं आहे. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घराला ‘हिट्सव्हिल यूएसए’ अशी पाटी लावून गॉर्डीने कंपनी थाटली होती. तो स्वतः कधीकाळी मोटारींच्या कारखान्यात कामाला होता, आणि तिथली जुळणीची साखळी त्याने गाण्याला लावली. गाणी लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, प्रोड्युसर वेगळे. गाणं बाहेर पाठवायचं की नाही, ते ठरवायला दर आठवड्याला बैठक. गायकाने यायचं, तयार ट्रॅकवर गायचं आणि जायचं. स्टीव्ही मात्र जायचा नाही. त्या घरात फंक ब्रदर्स म्हणून ओळखली जाणारी वादकांची फळी होती. ड्रमवर बेनी बेंजामिन, बासवर जेम्स जेमरसन. हा मुलगा त्यांच्यात तासन् तास घुटमळायचा आणि हाताला लागेल ते वाजवायचा. त्याच्या पुढच्या ‘सुपरस्टिशन’ या गाण्यातले त्यानेच वाजवलेले ड्रम ऐकून लोक विचारतात की पियानो वाजवणारा माणूस असे ड्रम कसे वाजवतो. बेंजामिनच्या शेजारी घालवलेल्या दिवसांत त्याचं उत्तर आहे.

आवाज फुटला तेव्हा मात्र कंपनीला त्याचं काय करावं कळेना. त्याला सोडून द्यायच्या गोष्टी सुरू झाल्या. सिल्व्हिया मॉय या तरुण गीतकार बाईंनी त्याची बाजू घेतली. त्याच्याकडे पडलेल्या तुकड्यांतून तिने एक गाणं उभं केलं, ‘अपटाइट’. शब्द ब्रेलमध्ये उतरवायला वेळ नव्हता, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी ती दुसऱ्या माइकवर बसून प्रत्येक ओळ एक पाऊल आधी त्याच्या कानात म्हणत गेली आणि तो मागोमाग गात गेला. १९६५च्या अखेरीस ते गाणं आलं आणि त्याची कारकीर्द वाचली. गाणं आता पुन्हा ऐका. कुठेही वाचून दाखवल्याचा किंवा ऐकून म्हटल्याचा वास येत नाही. रेकॉर्डवर प्रोड्युसर म्हणून मॉयचं नाव नाही. त्या खोलीतलं सगळ्यात निर्णायक काम मात्र तिनेच केलं, असं माझं ठाम मत आहे.

नंतरची काही वर्षं त्याने स्वतःसाठी आणि इतरांसाठीही चाली केल्या. ‘टिअर्स ऑफ अ क्लाउन’ या गाण्याचा ट्रॅक त्याने हँक कॉस्बीबरोबर तयार केला होता, पण शब्द सुचत नव्हते, म्हणून तो मिरॅकल्सचा गायक स्मोकी रॉबिन्सनला दिला. स्मोकीला त्यात सर्कस ऐकू आली, आणि १९७० साली ते गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्याच वर्षी स्पिनर्स या गटाचं ‘इट्स अ शेम’ स्टीव्हीने प्रोड्यूस केलं, आणि ‘साइन्ड, सील्ड, डिलिव्हर्ड’ हे स्वतःचं गाणंही. म्हणजे विसाव्या वर्षी प्रोड्युसर म्हणून त्याचं नाव आलं, तेव्हा त्याच्यामागे स्टुडिओतली नऊ वर्षं होती. घरी बसून एकटा शिकलेला माणूस, अशी त्याची जी प्रतिमा आहे ती इथेच गळून पडते. तो त्या काळातल्या सगळ्यात कडक शाळेत शिकला होता.

आता कराराकडे येतो. संगीतावर बोलताना आपण हा भाग घाईने उरकतो, पण स्टीव्हीच्या बाबतीत तो पहिल्या रांगेत बसवावा लागतो. १३ मे १९७१ रोजी तो २१ वर्षांचा झाला. अल्पवयात केलेला करार संपला आणि त्याने लगेच नवा केला नाही. तो न्यूयॉर्कला गेला, स्वतःच्या पैशाने स्टुडिओ घेतला आणि कुठल्याही कंपनीशी बांधील नसताना रेकॉर्डिंग सुरू केलं. योहानन विगोडा नावाचा वकील बरोबर घेतला. मोटाउनशी पुन्हा बोलणी झाली तेव्हा हातात तयार संगीत होतं. नव्या करारात गाण्यांचे हक्क सांभाळायला त्याची स्वतःची ब्लॅक बुल म्युझिक ही कंपनी आली, रेकॉर्डच्या निर्मितीसाठी टॉरस प्रॉडक्शन्स आली, रॉयल्टी वाढली, आणि काय रेकॉर्ड करायचं ते तोच ठरवणार हे कागदावर आलं. त्याच सुमारास मोटाउनच्याच मार्विन गे या गायकानेही ‘व्हॉट्स गोइंग ऑन’साठी कंपनीशी झगडा केला होता, त्यामुळे वारं बदलत होतं. तरी त्या वयात, त्या कंपनीकडून असं लिहून घेणं सोपं नव्हतं.

तुम्हाला आज हे थेट लागू पडतं. आपल्याकडे २०१२च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही. तरीही पहिल्या गाण्याच्या आनंदात न वाचता सह्या करणारी मुलं मी आजही बघतो. गाणं पाठवण्याआधी कागद वाचा. समजला नाही तर जाणकाराला पैसे देऊन समजून घ्या. त्या पैशात जो माइक आला असता, तो पुढच्या वर्षी घेता येईल.

आता तुमच्या मूळ प्रश्नाच्या गाभ्याशी. १९७१च्या उन्हाळ्याच्या तोंडावर स्टीव्ही न्यूयॉर्कच्या मीडियासाउंड स्टुडिओत एक रेकॉर्ड काखेत घेऊन गेला. ‘टाँटोज एक्सपांडिंग हेड बँड’ नावाच्या दोघा जणांची ती रेकॉर्ड. माल्कम सेसिल हा मूळचा इंग्लंडमधला जॅझ बासवादक, आणि रॉबर्ट मार्गूलेफ हा सिंथेसायझरवर काम करणारा अमेरिकन. दोघांनी मोग, एआरपी वगैरे कंपन्यांची सुटी यंत्रं एकत्र जोडून टाँटो नावाचं प्रचंड वाद्य बांधलं होतं. अर्धवर्तुळाकार लाकडी कपाटं, मधोमध वाजवणारा, आणि चारी बाजूंनी वायरी. त्यात प्रीसेट, म्हणजे आधीच साठवलेले तयार आवाज, नव्हते. प्रत्येक आवाज वायरी जोडून, बटणं फिरवून घडवायचा. आणि वायर काढली की तो आवाज गेला, हुबेहूब परत मिळेलच याची खात्री नाही.

हे यंत्र स्टीव्ही एकटा चालवूच शकत नव्हता. कीबोर्डवर त्याची बोटं, पण आवाज घडत होता सेसिल आणि मार्गूलेफच्या हातांनी. तो वाजवत असताना ते फिल्टर उघडत, मिटत. त्याला काय हवंय ते तो तोंडाने आवाज काढून सांगे, आणि ते वायरी जोडत. अनेकदा तिघे एकाच वेळी एकच वाद्य वाजवत होते, असं म्हटलं तरी चालेल. ‘म्युझिक ऑफ माय माइंड’ (मार्च १९७२), ‘टॉकिंग बुक’ (ऑक्टोबर १९७२), ‘इनरव्हिजन्स’ (ऑगस्ट १९७३) आणि ‘फुलफिलिंगनेस फर्स्ट फिनाले’ (जुलै १९७४) या चारही अल्बमांवर या दोघांची नावं सहप्रोड्युसर म्हणून किंवा इंजिनिअरिंग आणि प्रोग्रॅमिंगसाठी आहेत. इनरव्हिजन्सच्या इंजिनिअरिंगचं ग्रॅमीही त्यांना मिळालं. मार्गूलेफ आणि सेसिल नसते तर स्टीव्ही चांगलाच राहिला असता, पण या चार अल्बमांचा रंग कुणालाही मिळाला नसता.

म्युझिक ऑफ माय माइंडवर बाहेरचे वादक फक्त दोन: एका गाण्यात आर्ट बॅरनचं ट्रोम्बोन आणि एकात बझी फाइटनची गिटार. बाकी सगळं स्टीव्ही. हा अल्बम मला फार आवडतो, पण त्यात एक गोष्ट जाणवते. काही गाणी थांबायला तयार नाहीत. सगळी वाद्यं स्वतः वाजवणाऱ्याला प्रत्येक वाद्याचा लोभ असतो. तुमच्या पाठवलेल्या रेकॉर्डिंगवरही मी हेच म्हणेन: दुसऱ्या कडव्यानंतर आलेला सिंथ छान वाजवलाय, पण तो गाण्याला नको होता, तुम्हाला हवा होता.

सात महिन्यांत टॉकिंग बुक आला आणि तो किती पुढे गेलाय बघा. ‘यू आर द सनशाइन ऑफ माय लाइफ’ हे गाणं स्टीव्ही सुरू करत नाही. पहिल्या दोन ओळी जिम गिलस्ट्रॅप गातो, पुढच्या दोन लानी ग्रोव्ह्ज, आणि मग स्टीव्ही येतो. स्वतःच्या अल्बमचं पहिलंच गाणं, आणि सुरुवात दुसऱ्यांच्या गळ्यातून. गायक स्टीव्हीला हे सुचणं कठीण, प्रोड्युसर स्टीव्हीला सुचलं. त्याच अल्बमवर काही गाण्यांचे शब्द सिरीटा राइटचे आहेत, जिच्याशी त्याचं लग्न नुकतंच मोडलं होतं, आणि काही इव्हॉन राइटचे. जेफ बेकची गिटारही आहे. म्हणजे एकटेपणाचा हा बादशहा आपल्या सगळ्यात खासगी अल्बमसाठी शब्द मात्र दुसऱ्यांकडून घेत होता.

‘सुपरस्टिशन’बद्दल वेगळं सांगतो, कारण ते वाजवून बघण्यासारखं आहे. पाया त्याच्या स्वतःच्या ड्रमचा. वर होनर कंपनीचं क्लॅव्हिनेट, ज्यात पट्टी दाबली की आत तारेवर आघात होतो, त्यामुळे आवाज गिटारसारखा टोकदार येतो. बास मोग सिंथेसायझरवर. क्लॅव्हिनेटचा एकच ट्रॅक नाही, अनेक आहेत, आणि कुठलाच पूर्ण भाग वाजवत नाही. एक जिथे जागा सोडतो तिथे दुसरा ठोका देतो. तुम्ही संगणकावर एक भाग वाजवून त्याचीच प्रत पुढे चिकटवत जाता, तसं इथे काहीच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत माणूस वाजवतोय, थोडा पुढेमागे होतोय, आणि ते पुढेमागे होणं सगळ्या ट्रॅकमध्ये एकाच शरीराचं आहे म्हणून ते जुळतं. सगळी वाद्यं एकाने वाजवण्याचा खरा फायदा हाच. तो मिळवायचा असेल तर तुमच्या सॉफ्टवेअरमधलं ठोके आपोआप सरळ करणारं बटण निदान एका गाण्यापुरतं बंद ठेवा. आणि हे सगळं एकट्याचं झाल्यावरही ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनसाठी त्याने स्टीव्ह मडायो आणि ट्रेव्हर लॉरेन्सला बोलावलं. तिथे त्याला दुसऱ्यांचा श्वास हवा होता. १९७३च्या जानेवारीत हे गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्याआधीच्या उन्हाळ्यात रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्यात तो सुरुवातीला गात होता, त्यामुळे गोरा श्रोतावर्गही तयार झाला होता.

मग इनरव्हिजन्स. ‘लिव्हिंग फॉर द सिटी’ या सात मिनिटांच्या गाण्यात सगळी वाद्यं त्याची आहेत. मिसिसिपीतल्या एका गरीब काळ्या कुटुंबाची गोष्ट, आणि मध्ये एक नाट्यप्रवेश: मुलगा बसने न्यूयॉर्कला उतरतो, कुणीतरी त्याच्या हातात काहीतरी कोंबतं, पोलीस पकडतात, न्यायाधीश शिक्षा सुनावतो, तुरुंगाचं दार आदळतं. यातले आवाज व्यावसायिक नटांचे नाहीत, स्टीव्हीच्या आसपासच्या माणसांचे आहेत. त्या प्रवेशानंतरच्या कडव्यात त्याचा आवाज खरखरीत, चिडलेला येतो. सेसिल आणि मार्गूलेफ यांनी नंतर सांगितलंय की तो आवाज यावा म्हणून ते मुद्दाम टेप मध्येच थांबवत, पुन्हा गायला लावत, आणि त्याला घसा शेकायला चहा मिळू देत नसत. हे मला पटतं. माझ्या कामात गायकाला असं छळायचं धाडस मी करत नाही, पण तिसऱ्या टेकला समाधान मानू न देणारा माणूस समोर हवा, हे शंभर टक्के खरं. स्वतःच्या चौथ्या टेकनंतर स्वतःला ‘अजून राग आला नाही’ असं कुणी सांगू शकत नाही.

अल्बम बाजारात आल्यानंतर तीनच दिवसांनी, ६ ऑगस्ट १९७३ रोजी, नॉर्थ कॅरोलायनात त्याच्या गाडीला भीषण अपघात झाला. तो काही दिवस बेशुद्ध होता. बरा होऊन वर्षभरात पुढचा अल्बम केला. इनरव्हिजन्सला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, फुलफिलिंगनेसलाही मिळालं. १९७६ साली ते पॉल सायमनला मिळालं, तेव्हा यंदा अल्बम न काढल्याबद्दल त्याने स्टीव्ही वंडरचे जाहीर आभार मानले.

याच काळात तो दुसऱ्यांसाठी प्रोड्युसर म्हणून कसा वागला, हे फारसं सांगितलं जात नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. गायिका मिनी रिपर्टनच्या १९७४च्या ‘परफेक्ट एंजल’ अल्बमचा तो सहप्रोड्युसर होता. करारामुळे त्याचं नाव उघड देता येत नव्हतं, म्हणून अल्बमवर ‘एल तोरो नेग्रो’, म्हणजे काळा बैल, असं टोपणनाव आहे. त्यातलं ‘लव्हिंग यू’ ऐका. एक अकूस्टिक गिटार, इलेक्ट्रिक पियानो, तिचा आवाज आणि पक्ष्यांची किलबिल. ड्रम नाहीत. तो इलेक्ट्रिक पियानो स्टीव्हीचा आहे, आणि तो किती कमी वाजवलाय! ज्याच्याकडे टाँटो होता, ज्याला प्रत्येक वाद्य येत होतं, तो माणूस दुसऱ्याच्या गाण्यात दोन हातांनी मोजके स्वर ठेवून गप्प बसतो. गाणं १९७५मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. तुम्ही पुढचं गाणं स्वतःचं करण्याआधी एखाद्या मैत्रिणीचं किंवा मित्राचं प्रोड्यूस करा. तुमचं वाजवणं किती लागतं आणि किती लागत नाही, ते तिथे लवकर कळेल.

फुलफिलिंगनेसनंतर सेसिल आणि मार्गूलेफ बाजूला झाले. श्रेय आणि पैसे यांवरून बिनसलं. चार अल्बमांच्या यशात आपला वाटा नीट मोजला गेला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचं होतं असं मला वाटत नाही. टाँटोही त्यांच्याबरोबर गेला. आज तो दुरुस्त होऊन कॅनडातल्या कॅलगरी शहराच्या नॅशनल म्युझिक सेंटरमध्ये आहे.

त्यानंतरचा अल्बम ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’ (सप्टेंबर १९७६), आणि तो करताना स्टीव्हीने खोली पुन्हा नव्याने भरली. नेथन वॉट्स बासवर, रेमंड पाउंड्स ड्रमवर, ग्रेग फिलिंगेन्स कीबोर्डवर, मायकेल सेंबेलो गिटारवर. इंजिनिअर गॅरी ओलाझाबाल आणि जॉन फिशबाख. ज्याला एकटा वादक म्हणून डोक्यावर घेतलं होतं, त्याचं सगळ्यात मोठं काम एका बँडबरोबर झालं. दोन लाँग प्ले रेकॉर्डी आणि सोबत चार गाण्यांची एक छोटी रेकॉर्ड, मिळून २१ गाणी. मोटाउनने नुकताच त्याच्याशी सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला होता, आणि अल्बम इतका लांबत गेला की ‘जवळजवळ झालंय’ असं छापलेले टी-शर्ट निघाले. आला तो थेट पहिल्या क्रमांकावर. यामाहाच्या जीएक्स-१ या नव्या सिंथेसायझरवर त्याने अख्खा तंतुवाद्यवृंद उभा केला. ‘पासटाइम पॅरडाइज’ हे गाणं हेडफोन लावून ऐका. शेवटी चर्चचा गायकवृंद आणि हरे कृष्ण मंडळींचं नामसंकीर्तन एकमेकांवर चढत जातं. आपल्या कानाला ओळखीचा तो जप लॉस एंजेलिसच्या गॉस्पेलशेजारी बसलेला ऐकताना मला आजही थरार येतो. ‘इझंट शी लव्हली’ सहा मिनिटांहून मोठं आहे. रेडिओसाठी छोटं करायला तो तयार नव्हता, म्हणून अमेरिकेत ते एकल रेकॉर्ड म्हणून निघालंच नाही, तरी ते घराघरांत पोचलं. १९७१नंतर कागदावर मिळवलेला तो अधिकार इथे कामी आला.

आता तुमचा शेवटचा भाग: पुढे काय झालं?

१९७२ ते १९७६ या काळात पाच अल्बम. त्यानंतर, १९८४चं एका चित्रपटाचं संगीत सोडलं तर, १९७९, १९८०, १९८५, १९८७, १९९१, १९९५ आणि मग थेट २००५. लोक म्हणतात प्रतिभा आटली. मला ते उत्तर आळशी वाटतं. १९७९चा ‘सिक्रेट लाइफ ऑफ प्लांट्स’ घ्या. वनस्पतींवरच्या एका माहितीपटाचं हे संगीत. न पाहणाऱ्या माणसाने चित्रपटाला संगीत द्यायचं कसं? एका कानात पडद्यावर काय घडतंय त्याचं वर्णन, दुसऱ्या कानात इंजिनिअर फ्रेम मोजतोय, अशा पद्धतीने त्याने ते केलं. सिल्व्हिया मॉयने कानात ओळी म्हटल्या होत्या, त्याच रस्त्यावरचं हे पुढचं पाऊल. डिजिटल रेकॉर्डिंगवर निघालेल्या अगदी पहिल्या पॉप अल्बमांपैकी तो एक आहे. त्यात ‘व्हॉयेज टू इंडिया’ नावाचा वाद्यसंगीताचा भाग आहे, आणि एका गाण्यात आपले जगदीशचंद्र बोस येतात. विक्री अपेक्षेप्रमाणे झाली नाही, समीक्षकांनी हात झटकले. मला तो त्याचा सगळ्यात धाडसी अल्बम वाटतो, आणि प्रतिभा आटलेला माणूस असं काही हाती घेत नाही.

बदललं ते कामाचं वातावरण. न्यूयॉर्कच्या भाड्याच्या स्टुडिओत घड्याळ चालू असायचं. नंतर त्याचा स्वतःचा वंडरलँड स्टुडिओ झाला, ट्रॅक वाढत गेले, आणि ‘पुरे’ म्हणणारं कुणी राहिलं नाही. यंत्रांकडे तो सतत पुढे बघत होता. वाचून दाखवणारं यंत्र बनवणाऱ्या रे कर्झवाइलचा तो पहिल्या ग्राहकांपैकी एक. १९८२मध्ये त्याने कर्झवाइलला सांगितलं की खऱ्या वाद्यांचा आवाज आणि संगणकाची सोय एकत्र हवी, आणि त्यातून १९८४चा कर्झवाइल २५० हा कीबोर्ड आला. पण हा आणि असे कीबोर्ड हाताशी आल्यावर आवाज घडवायला दुसऱ्या माणसाची गरज उरली नाही. बटण दाबलं की व्हायोलिन. ऐंशीच्या दशकातल्या त्याच्या गाण्यांत चाली तशाच भारी आहेत, ‘आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू’ला ऑस्कर मिळालं, पण आवाजाचा पोत इतरांसारखा झाला, कारण तीच यंत्रं सगळ्यांकडे होती. टाँटो एकच होता आणि त्याचे दोन मालक शेजारी उभे राहून हुज्जत घालत होते.

आणखी एक कारण आहे, आणि ते स्टुडिओबाहेरचं. १९८०च्या ‘हॉटर दॅन जुलै’ या अल्बमवर ‘हॅपी बर्थडे’ हे गाणं आहे, मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्मदिवस राष्ट्रीय सुट्टी व्हावा म्हणून केलेलं. गाणं करून तो थांबला नाही. १५ जानेवारी १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये मोठी सभा घेतली, पुढच्या वर्षीही घेतली, सह्या गोळा करणाऱ्या मोहिमेला आवाज आणि पैसा दिला, राजकारण्यांच्या मागे लागला. नोव्हेंबर १९८३मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्या कायद्यावर सही केली आणि २० जानेवारी १९८६ रोजी पहिली सुट्टी झाली. १९८० आणि १९८५ या दोन अल्बमांमधली पाच वर्षं कुठे गेली असं तुम्ही विचारता, त्यातली निदान तीन इथे आहेत.